आंबोलीचा कडा ते हेदवीची घळ: सडा, घाटी आणि खाडीच्या रस्त्याने सहा दिवस

कोकणातला सागरी रस्ता गाडीने करायचा म्हटलं की बहुतेक जण अलिबाग नाहीतर दापोलीपासून सुरुवात करतात आणि खाली गोव्याकडे जातात. मी हा रस्ता दोन्ही दिशांनी केला आहे. आता कुणी विचारलं तर एकच सांगतो: आधी आंबोली गाठा, घाट उतरून वेंगुर्ल्याला या आणि मग किनाऱ्याने उत्तरेकडे वर सरका.

पहिलं कारण साधं आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि उत्तरेला येताना समुद्रही डाव्याच हाताला असतो. एखादं वळण आवडलं की गाडी तिथल्या तिथे कडेला घेता येते. समोरून येणाऱ्या डंपरपुढून रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरं कारण उजेडाचं. दिवाळीपासून माघापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेला जाताना तो पाठीशी राहतो, समोरच्या भूशिरांवर सरळ ऊन पडतं आणि जांभ्याचा तांबडा रंग उठून दिसतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तेच कडे काळपट दिसतात आणि डोळ्यांवर तिरीप येते ती वेगळीच.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घाटमाथा आधी पाहिला की किनारा कळतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि तिथल्या माथ्यावर जांभा आहे. घाट उतरून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला गेलं की समुद्राच्या कडेला, शंभर मीटरच्या आसपास उंचीवर, पुन्हा जांभाच भेटतो. एकच दगड असा दोन मजल्यांवर आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे पाच दिवस गाडीच्या काचेतून दिसणारं सगळं जुळत जातं.

हा रस्ता चालतो कसा

सह्याद्री काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या पाषाणावर उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांचा मारा युगानुयुगं झाला. सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि वर तांबड्या सच्छिद्र दगडाची टोपी बसली. तोच जांभा. या टोपीचे सपाट माळ म्हणजे सडे. नद्यांनी सडे चिरले, तिथे खाड्या झाल्या. दोन खाड्यांच्या मधला सडा समुद्रात जिथे संपतो, तिथे भूशिर.

म्हणून सागरी रस्त्याला तीनच चाली माहीत आहेत. घाटी चढायची, सड्यावरून सरळ धावायचं, घाटी उतरून खाडीवरच्या पुलाशी किंवा तरीशी, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या मोठ्या होडीशी, यायचं. पूल ओलांडला की पुन्हा घाटी. वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत हेच चालू राहतं, आणि कुठे थांबायचं तेही यातूनच ठरतं. सड्यावरून घाटीत शिरण्याआधीचं शेवटचं वळण कधीही चुकवू नका. खाडीचं मुख, त्यात शिरणाऱ्या होड्या, पलीकडचं भूशिर आणि खालची माडांची वाडी हे सगळं एकत्र दिसतं ते तिथूनच. खाली पुलावर पोचलात की त्यातलं निम्मं हरवलेलं असतं.

तारीख ठरवणं: भरतीचं गणित

ऋतूचं आधी सांगतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध मला सर्वांत आवडतो. सड्यावरचं गवत सोनेरी झालेलं असतं, वहाळांना थोडं पाणी असतं, हवा धुऊन निघाल्यासारखी स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान, कलमांना मोहोर, पण आंबोलीचे धबधबे आटलेले. फुलांसाठी जायचं असेल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. तेव्हा खड्डे आणि पाऊस दोन्ही सोसायची तयारी हवी. मे महिन्यात सडा तापतो, दुपारी त्यावर उभं राहवत नाही.

आता तिथी. समुद्रकाठच्या सहलीत लोक शनिवार-रविवार बघतात, भरती-ओहोटी कुणी बघत नाही, आणि मग भूशिराखालचं अर्धं दृश्य हातचं जातं. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. हेदवीची बामणघळ बघायला भर दुपारी बाराला पोचलो. खडकातली अरुंद चीर कोरडी, तळाशी पाणी नुसतं डुचमळत होतं. शेजारी एक काका गळ टाकून मासे गरवत बसले होते. त्यांना विचारलं, "काका, इथे पाणी उडतं म्हणतात ना?"

"उडतं तर. आज तिथी काय?"

मला सांगता येईना. त्यांनीच सांगितलं, "अष्टमी. आठाला पाऊणने गुणा. सहा. म्हणजे भरती सहाला भरली आणि बाराला ओहोटी. तुम्ही नेमके ओहोटीला आलात."

कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते, सकाळची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराव्या तिथीप्रमाणे सव्वाअकराच्या सुमारास. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला हे पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास दोन्ही मवाळ.

यावरून तारीख अशी काढा: सहाव्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावास्या यावी. म्हणजे दशमीला घर सोडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी तीन-चारला ओहोटी मिळते आणि भूशिरांच्या पायाशी खडकांची फळी उघडी पडते. सहाव्या दिवशी सकाळी अकराला हेदवीला मोठी भरती मिळते. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि रजा त्याप्रमाणे टाका.

नकाशा आपल्या हाताने भरा

फोनमधल्या नकाशाला नुसतं वेंगुर्ला ते गुहागर सांगितलंत तर तो तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गावर नेऊन सोडेल, कारण तो रस्ता लवकर पोचवतो. मधली गावं एकेक करून घालावी लागतात. सावंतवाडी, वेंगुर्ला, परुळे, मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड, पडेल, विजयदुर्ग, परत पडेल, जैतापूर, नाटे, आंबोळगड, आडिवरे, कशेळी, पूर्णगड, पावस, रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, मग तरीने तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. खाडीकाठच्या गावांत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

रोजचं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका. या रस्त्यावर ताशी तीसचा वेग धरून हिशेब करा. टाकी अर्धी झाली की समोर दिसेल त्या पंपावर भरा. जेवणाचं सकाळी दहाच्या आत फोन करून सांगा. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात टाकतात, आयत्या वेळी चार पानं वाढवणं त्यांना जड जातं.

पहिला दिवस आणि दुसऱ्याची सकाळ: माथा

पुण्याहून कोल्हापूर, तिथून आजऱ्यामार्गे आंबोली. सकाळी लवकर निघालात तर दुपारी तीनपर्यंत पोचता. सामान टाका आणि कावळेसादला जा. कड्याच्या तोंडाशी उभं राहिलं की जमीन एकदम तुटते, समोर फक्त दरी. पावसाळ्यात खाली पडणारं पाणी वारा उलटं वर फेकतो ते इथेच. कठडा आहे, त्याच्या अलीकडेच राहा. ओल्या शेवाळलेल्या खडकावर पायाला पकड मिळत नाही आणि इथे माणसं गेलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवगडच्या टोकावर जा. धुकं असेल तर तासभर थांबा, बहुतेक वेळा ते दरीतून उठून विरतं. खाली सावंतवाडीचा मुलूख पसरलेला असतो आणि हवा साफ असेल तर पार पश्चिमेला एक उजळ पट्टा दिसतो. तो समुद्र. संध्याकाळी आपण तिथे असणार आहोत.

निघण्याआधी चौकूळच्या रस्त्याला एक फेरी मारा. माथ्यावरचा जांभा बघण्यासाठी. गाडी डांबरावरच उभी करा, उतरा आणि दगडाला हात लावा. खरखरीत, भोकाभोकांचा, कुठे तांबडा, कुठे पिवळट, भोकांत माती साठलेली. पावसाळ्यात या एवढ्याशा मातीवर गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं उभी राहतात. त्यातली आसवं कीटकभक्षी आहेत, कारण या पातळ मातीत त्यांना पुरेसं अन्न मिळत नाही. हा दगड लक्षात ठेवा.

आंबोलीतल्या माकडांना काहीही खायला देऊ नका. खायला मिळतं म्हणून ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

निवती ते विजयदुर्ग

घाट उतरून सावंतवाडी, तिथून वेंगुर्ला, पुढे परुळ्याच्या वाटेने निवती. पहिलं भूशिर पायी चढायचं ते निवतीच्या किल्ल्याचं. चढ थोडासा आहे. वर तटाजवळ उभं राहा. एका हाताला भोगव्याची लांब पुळण, दुसऱ्या हाताला निवतीचं छोटं बंदर आणि मधे तुम्ही समुद्रात शिरलेल्या नाकाडावर. दूर क्षितिजाशी वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसतात.

इथे थोडं थांबून लाटा बघा. खोल पाण्यात त्या सरळ रेषेत येतात, पण भूशिराजवळ येताच दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे वळतात. सगळा जोर टोकावर येतो, म्हणून टोक तुटकं आणि खडकाळ. मधल्या बाकात जोर विरतो, तिथे वाळू बसते आणि पुळण तयार होते. भूशिर आणि पुळण ही जोडी किनाराभर अशीच दिसेल. पोहायचं असेल तर बाकाच्या मध्यावर, तेही गावकऱ्यांना विचारून. खडकाच्या कुशीतलं पाणी शांत दिसतं, पण त्याला ओढ असते. गणपतीपुळ्याला तर गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊच नका.

मालवणचा मुक्काम सोयीचा. सिंधुदुर्ग बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी आचरा, कुणकेश्वर, आणि मिठमुंबरी-तारामुंबरीच्या पुलावरून देवगड. देवगडचा सडा म्हणजे पवनचक्क्या आणि कलमांच्या बागा. जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे केले, त्यात बाहेरची माती भरली आणि त्यात ही कलमं उभी केली. रस्त्याकडेच्या गडग्यावरून एखाद्या बागेत डोकावलंत तर कातळाच्या खळग्यातून वर आलेला बुंधा दिसतो. हापूसच्या पेटीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

विजयदुर्ग संध्याकाळी. पश्चिमेच्या तटावर उभं राहून वाघोटण खाडीचं मुख बघा. दुसऱ्या दिवशी मात्र आलेल्या रस्त्यानेच पडेलपर्यंत मागे यावं लागतं, कारण खाडी ओलांडायला आत शिरावं लागतं. हे आधीच हिशेबात धरा.

आंबोळगड आणि कशेळी: इथे घाई करू नका

सहा दिवसांतला माझा सर्वांत आवडता दिवस हा चौथा. जैतापूरचा पूल ओलांडून नाट्याला आलात की डावीकडे आंबोळगडचा रस्ता फुटतो. झाडं संपतात, घरं संपतात, आणि रस्ता उघड्या सड्यावरून थेट समुद्राकडे निघतो. वारा इतका की गाडीचं दार धरून उघडावं लागतं. तीनच्या सुमारास पोचा, म्हणजे ओहोटी असेल आणि कड्याखाली काळ्या खडकाची फळी उघडी पडलेली दिसेल. वर तांबडा, खाली काळा. दगडाचे दोन थर इतके उघडे क्वचित दिसतात.

एक गोष्ट नीट ऐका. जांभ्याच्या कड्याच्या अगदी तोंडाशी उभं राहू नका. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ, मातकट असतो. लाटा खालचा मऊ भाग खातात आणि वरची फळी पोकळीवर अधांतरी राहते. वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. खाली पाण्यात घराएवढे तांबडे दगड पडलेले दिसतात, ते असेच वरून सुटलेले. कडेपासून दहा पावलं मागे राहा. फोटो तिथूनही चांगले येतात.

आंबोळगडहून आडिवऱ्यामार्गे कशेळी. कशेळीच्या सड्यावरचं कातळशिल्प बघायला गावातल्या कुणाला तरी वाट विचारा. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हत्ती कातळात कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी यांची कितीतरी चित्रं. जवळून नुसत्या रेषा दिसतात. चार पावलं मागे सरकलं की हत्तीची पाठ जुळते. ऊन तिरपं असताना, साडेचारनंतर, रेषांत सावली भरते आणि सगळं उठून येतं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात कशेळी आहे, उक्षी, बारसू, देवीहसोळही आहेत.

चपला काढा, चित्रावर पाय देऊ नका आणि फोटोसाठी रेषांत चुना किंवा रांगोळी भरू नका. सड्यावर गाडी तर अजिबात घालू नका. डांबर सोडून पाच फूट गाडी आत घेतली तरी चाकाखाली बोटभर मातीतलं रोपटं आणि कदाचित अजून कुणाच्या नजरेस न आलेली रेघ चिरडते.

मला मनापासून वाईट वाटतं ते सड्याला ओसाड म्हटलेलं ऐकलं की. पावसाचं पाणी या सच्छिद्र दगडात मुरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांनी बाहेर येतं. खालच्या वाडीतली बाव, माड, पोफळी त्यावर जगतात. पहिल्या पावसात रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणाबाहेर शोधून मिळायची नाही. गुरं तिथे चरतात, पाखरं गवतात अंडी घालतात. रिकामं असं तिथे काही नाही.

पूर्णगडला मुचकुंदीच्या मुखावर सूर्यास्त मिळाला तर बघा. उशीर झाला असेल तर सोडा आणि उजेडात रत्नागिरी गाठा.

घाटी चालवताना

ज्या गिअरमध्ये घाटी चढता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि काच थोडी खाली ठेवा, म्हणजे समोरच्याचाही ऐकू येईल. एसटी दिसली की जिथे रुंद जागा आहे तिथेच थांबा. चालकाला ती वळणं पाठ असतात, त्याला त्याच्या अंदाजाने जाऊ द्या. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे असलेल्या अरुंद रस्त्यावर आरसे आत घ्या. अंधार पडल्यावर सड्यावरून गाडी चालवायची नाही. गुरं उबेसाठी डांबरावर बसतात आणि काळी गुरं हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

आरे-वारे, जयगड, हेदवी

पाचव्या दिवशी सकाळी रत्नदुर्ग. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तिन्ही बाजूंना पाणी. मग गणपतीपुळ्याचा किनाऱ्याचा रस्ता. निवळीवरून जाणारा मोठा रस्ता घेऊ नका. आरे आणि वारे यांच्या मधली घाटी चढताना वाहनं कमी असतील तर वळणावर थांबा. खाली दोन्ही बाजूंना दोन पुळणी, मधे सुरूचं बन. या रस्त्यावरचं हे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे आणि ते त्या कौतुकाला पात्र आहे. सकाळी आठच्या आत या, कारण नंतर कडेला गाड्यांची रांग लागते.

मालगुंड ही केशवसुतांची जन्मभूमी. तिथून जयगड. शास्त्री नदीच्या मुखावरून गाडीसकट तरीने तवसाळला जाता येतं. गाडी उलटी घालायला सांगितली तर तसं करा, हँडब्रेक ओढा आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहा. खाडीच्या मधोमध आलं की दोन्ही तीरांवरची भूशिरं एकदम नजरेत येतात. हवा बिघडली की तर बंद असते, म्हणून सकाळीच फोन करून विचारा. बंद असेल तर आत राई-भातगावच्या पुलावरून वळसा आहे.

रात्री हेदवी नाहीतर गुहागर. सहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला बामणघळीशी जा. लाट चिरेत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, मग आत दबलेल्या हवेचा घुमणारा आवाज येतो आणि पाणी उभं फुटतं. अंगावर तुषार येतात ते पुरेत. खडक ओले दिसतील तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मुलांचा हात धरून ठेवा.

परत वर

बारा-साडेबाराला निघा. गुहागर ते चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, तिथून पोफळीवरून कुंभार्ली घाट. घाटाच्या वरच्या टप्प्यात सुरक्षित जागा बघून एकदा थांबा आणि मागे वळून बघा. पाच दिवसांपूर्वी आंबोलीहून जी पायरी वरून पाहिली होती तीच आता खालून चढून आलात. घाट संपला की हेळवाक. महाबळेश्वराहून दक्षिणेला वाहत आलेली कोयना इथे काटकोनात पूर्वेला वळते. तिचं बरंचसं पाणी मात्र धरणातून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या मुखाशी समुद्रात जातं. हेळवाकला चहासाठी गाडी थांबवा. पाटण-कराडचा पुढचा रस्ता सरळ आहे आणि अंधार पडायच्या आत तुम्ही पुण्याच्या महामार्गाला लागता.